भेंडी-गोश्त : दोन रकान्यांत न मावणारे कालवण

१/
उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर भेंडीची जागा ठरलेली असते. शाकाहारी रकान्यात, हिरव्या ठिपक्याखाली, 'भेंडी मसाला' किंवा 'कुरकुरी भेंडी' या नावाने. मटणाचीही जागा ठरलेली असते, समोरच्या पानावर. या दोन पानांची गाठ पडत नाही. मात्र दिल्ली, लखनौ, हैदराबाद, लाहोर, कराची आणि मराठवाड्यातील कित्येक घरांत भेंडी आणि मटण एकाच पातेल्यात शिजत आले आहे. त्या कालवणाचे नाव भेंडी-गोश्त. हा धागा त्या पातेल्याच्या इतिहासाविषयी आणि तो इतिहास कुठे शोधावा याविषयी. #थ्रेड #खाद्येतिहास

२/
या पदार्थाचा विषय निघाला की दोन उत्तरे तयार असतात. पहिले : 'हे मुघलांनी आणले.' दुसरे : 'भेंडीसारख्या बुळबुळीत भाजीत मटण कोण घालतो? विचित्रच जोडी.' दोन्ही उत्तरे घाईची आहेत. भेंडी-गोश्त हा मुळात दरबाराचा पदार्थ नाही, तो घराचा पदार्थ आहे. त्याची जोडीही विचित्र नाही. तिच्यामागचे व्याकरण कोकणातल्या आणि गोव्यातल्या चुलीवर रोज वापरले जाते, फक्त तिथे मटणाच्या जागी सोडे किंवा कोळंबी असते. हे दाखवण्यासाठी प्रथम भेंडीकडे, मग गोश्ताकडे आणि शेवटी पातेल्याकडे पाहावे लागेल.

३/
भेंडी ही कापसाच्या कुळातली. अंबाडी, जास्वंद आणि कापूस ही तिची भावंडे. फिकट पिवळे, मध्यभागी गडद तांबडे असे भेंडीचे फूल पाहिले की कपाशीच्या शेतात वावरलेल्या माणसाला हे नाते वेगळे सांगावे लागत नाही. सुगंधी बियांची कस्तुरी भेंडी हीदेखील त्याच प्रजातिगटातली. या गटाचे शास्त्रीय नाव 'अबेलमोस्कस' असे आहे आणि ते अरबीतल्या 'कस्तुरीचा बाप' अशा अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. म्हणजे एका भाजीच्या नावातच अरबी, लॅटिन आणि भारतीय बाजारपेठ एकत्र आलेली दिसते. पुढच्या गोष्टीची ही सुरुवात समजावी.

४/
भेंडी मूळची कुठली? आफ्रिकेची की भारतीय उपखंडाची, हा वाद जुना आहे. १९५६ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत जोशी आणि हरदास या दोन भारतीय संशोधकांनी त्यात महत्त्वाची भर घातली. लागवडीच्या भेंडीत सामान्यतः १३० गुणसूत्रे असतात. उत्तर भारतात रानात आढळणाऱ्या एका भेंडीत ५८ असतात. या दोहोंचा संकर करून त्यांनी दाखवले की लागवडीच्या भेंडीतला गुणसूत्रांचा एक संच त्या रानभेंडीच्या संचाशी जुळतो. म्हणजेच भेंडी ही दोन वेगळ्या रानटी जातींच्या मीलनातून झालेली संकरज वनस्पती आहे.

५/
दुसरा पालक म्हणून ७२ गुणसूत्रांच्या आणखी एका रानभेंडीचे नाव घेतले जाते. हिशेबही जुळतो : २९ आणि ३६ मिळून ६५, आणि त्याची दुप्पट १३०. तरीही मीलन कोणत्या भूमीवर झाले, हा वाद या आकड्यांनी मिटत नाही, कारण वनस्पती माणसांच्या आधीही प्रवास करतात आणि माणसांबरोबरही. पश्चिम आफ्रिकेत तर भेंडीची आणखी एक स्वतंत्र जाती पिकते. इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने येथून एक धडा घ्यावा. ज्या भाजीच्या पेशीतच दोन घराणी नांदतात, तिच्यावर एकाच देशाचा झेंडा रोवण्याची घाई करू नये.

६/
आता शब्दांकडे. मराठी भेंडी, हिंदी भिंडी, गुजराती भींडा, कन्नड बेंडे, तेलुगू बेंड, तमिळ वेंडै : सगळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. संस्कृत कोशांतही भिण्डा, भेण्डा अशी रूपे आहेत. अरबी, फारसी आणि तुर्की जगात हीच भाजी 'बामिया' होते. इंग्रजीतले 'ओक्रा' पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून आले आणि अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतातला 'गंबो' हा प्रसिद्ध रस्सा मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांतील भेंडीच्या नावावरून. गुलामांच्या जहाजांतून गेलेल्या माणसांनी शब्द नेला, चवही नेली.

७/
भेंडीच्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक इजिप्तचे आहे. मुस्लिम स्पेनमधला एक वनस्पतिज्ञ १२१६ साली इजिप्तला गेला, तेव्हा तिथे लागवडीत असलेली ही भाजी आणि तिच्या कोवळ्या शेंगा खाण्याची पद्धत त्याने नोंदवली. आज इजिप्त, सीरिया, इराक, तुर्कस्तान आणि इराण येथे बामिया आणि मांसाचा रस्सा हा घरोघरचा पदार्थ आहे. म्हणून 'भेंडी-गोश्त पश्चिमेकडून आले' हा तर्क वरवर पटतो. इराणात तर भेंडीच्या आकाराच्या, पाकात बुडवलेल्या एका तळलेल्या मिठाईलाही 'बामिये'च म्हणतात.

८/
पण नाव नीट ऐकले पाहिजे. पुलाव, यखनी, कोफ्ता, शोरबा हे पदार्थ आले ते आपापली फारसी किंवा अरबी नावे घेऊन. 'शलगम-गोश्त' या जोडनावातले दोन्ही शब्द फारसी आहेत. भेंडी-गोश्तात मात्र अर्धे नाव भारतीय आणि अर्धे फारसी. उर्दू बोलणाऱ्या घरांनी या भाजीला बामिया म्हटले नाही, भिंडीच म्हटले. एवढ्यावरून पदार्थाचा जन्मदाखला मिळत नाही. मात्र ज्या स्वयंपाकघरात नामकरण झाले, तिथल्या बायकांना भाजी आधीपासून ओळखीची होती आणि ती मंडईतून त्याच नावाने घरी येत होती, इतके निश्चित कळते.

९/
येथे एका मोहापासून सावध राहावे. दख्खनच्या इतिहासात इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर आहे, जंजिऱ्याचे सिद्दी आहेत. भेंडीच्या उगमाच्या चर्चेतही इथिओपियाचे नाव येते. मग 'हबशी सरदारांनी दख्खनला भेंडी दिली' असे एक देखणे वाक्य सहज तयार होते आणि समाजमाध्यमांवर हजारो वेळा फिरू शकते. पण दोन गोष्टी एका नकाशावर शेजारी असल्या म्हणून त्यांच्यात कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय रानभेंडी उपखंडात उगवते आणि संस्कृत कोशांना ती ठाऊक आहे. मलिक अंबरची थोरवी भेंडीवर अवलंबून नाही.

१०/
भेंडी बाजूला ठेवून मोठा प्रश्न घेऊ : मांस आणि भाजी एकत्र शिजवण्याची रीत कोणाची? १२२६ साली बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या पाककृतींच्या प्रसिद्ध ग्रंथात कितीतरी मांसाहारी पदार्थांची नावे भाजीवरूनच पडली आहेत. पालकाचा एक, शलगमाचा एक. मांस गृहीत, नाव भाजीचे. आजच्या पालक-गोश्त आणि शलगम-गोश्ताचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही. तेव्हा पश्चिम आशियाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो, की हा वाटा रिकाम्या ताटात पडला का?

११/
तो रिकाम्या ताटात पडला नाही. बगदादच्या त्या ग्रंथाच्या सुमारे शंभर वर्षे आधी, ११२९च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतचे. त्याच्या अन्नभोग प्रकरणात मांसाचे अनेक प्रकार आहेत आणि 'कवचंदी' नावाच्या पदार्थात मांसाचे तुकडे भाज्यांसह शिजवले जात. म्हणजे दख्खनच्या मातीला मांस-भाजीची संगत सल्तनतींच्या आधीपासून माहीत होती. दोन प्रवाह होते, ते मिळाले. कोणता कुठे संपतो हे रस्स्यात बोट घालून सांगता येत नाही.

१२/
मुघल दरबाराचे काय? अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत : मांसाविना होणारे सूफियाना, मांस आणि तांदूळ इत्यादी धान्य एकत्र असणारे, आणि मसाल्यांसह शिजवलेले मांसाचे पदार्थ. प्रत्येक कृतीसोबत किती शेर मांस, किती तूप, किती कांदा याचे प्रमाण दिले आहे. ही सरकारी दप्तराची नोंद आहे. कोठारातून काय निघाले याचा हिशेब तिला हवा आहे. लोक घरी काय जेवतात हे सांगण्याचा तिचा हेतूच नाही. तिच्याकडे घरगुती पदार्थांचा जन्मदाखला मागणे म्हणजे खजिन्याच्या वहीत अंगाईगीत शोधणे.

१३/
राजाच्या मुदपाकखान्याचे तर्कशास्त्र विपुलतेचे असते. मांस जास्त, तूप जास्त, केशर-बदाम दिसलेच पाहिजेत, कारण पाहुण्याला वैभव कळले पाहिजे. भेंडी-गोश्ताचे तर्कशास्त्र याच्या उलट आहे. ते काटकसरीचे आहे. थोडे मांस अनेक ताटांत कसे पुरवायचे, हा त्यातला मूळ प्रश्न. म्हणून ज्या पदार्थाचा जन्म चणचणीतून झाला, त्याला केवळ 'गोश्त' या शब्दामुळे शाही ठरवणे ही इतिहासाची थट्टा आहे. मेजवानीला कोर्मा आणि बिर्याणी, आणि इतर दिवशी भाजी घातलेले सालन, ही विभागणी उत्तरेतल्या आणि दख्खनमधल्या मुस्लिम घरांत आजही ओळखीची आहे.

१४/
स्वयंपाकघरातला हिशेब साधा असतो. घरात खाणारी तोंडे आठ आणि मटण अर्धा किलो. नुसते परतले तर वाट्याला दोन-दोन बोट्या, आणि भांडणे. तेच हाडांसकट शिजवून रस्सा केला, तर हाडांतला चिकट अर्क आणि चरबी पाण्यात उतरते. त्या पाण्यात शिजलेली भाजी मांसाची चव शोषून घेते. आता ताटात बोटी एकच असली तरी प्रत्येक घासात मटण आहे. भाजी इथे भर घालण्यासाठी आलेली असते खरी, पण चवीची वाहक तीच ठरते. जुन्या घरांतून अनेकांना बोटीपेक्षा त्यातली भाजीच अधिक आवडते, ती उगाच नव्हे.

१५/
या रीतीला स्वतःचे पंचांगही आहे. हिवाळ्यात शलगम, पालक आणि मेथी. उन्हाळ्यात दुधी, तुरई, टिंडे आणि कारले. उष्ण आणि दमट हवेत भेंडी आणि अरवी. बटाटा बारमाही. ज्या काळी भाजी ऋतूप्रमाणेच मिळे, त्या काळी मटण तेच राही आणि सोबतीण बदलत असे. म्हणून 'भेंडी-गोश्त' हा एकटा पदार्थ समजू नये. ती एका लांब मालिकेतली एक जागा आहे. मालिका लक्षात आली की जोडी विचित्र वाटत नाही, जसे आषाढात कांद्याची भजी कोणालाच विचित्र वाटत नाहीत.

१६/
आता बुळबुळीचा आरोप. भेंडीचा चिकटपणा म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या, लांब साखळीच्या शर्करांचा द्राव. भेंडी चिरली, पाणी लागले की तो बाहेर येतो आणि तार धरतो. जगाने त्याला दोन उत्तरे दिली. पश्चिम आफ्रिकेने आणि तिच्यामागून लुइझियानाने तो चिकटपणा आपलासा केला. रस्सा दाट व्हावा म्हणूनच तिथे भेंडी घालतात. अरब आणि तुर्की घरांनी बोटाच्या पेराएवढी लहान भेंडी निवडली आणि देठ पेन्सिलीसारखे निमुळते तासले, म्हणजे शेंग उघडतच नाही. भारतीय घरांनी तिसरीच वाट धरली : चिकटपणा तेलात जिरवायचा आणि उरलेला आंबटाने मोडायचा.

१७/
म्हणून भारतीय भेंडी-गोश्ताचे सारे कौशल्य क्रमात आहे. भेंडी धुऊन कोरडी पुसायची, मग चिरायची, चिरल्यावर पुन्हा पाणी लावायचे नाही. मोठे तुकडे किंवा अख्खी भेंडी गरम तेलात परतून बाजूला काढायची. त्याच तेलात कांदा लाल करून आले-लसूण, धने, हळद, मिरची घालून मटण भाजायचे आणि मऊ होईतो शिजवायचे. मटणाला तासभर लागतो, भेंडीला दहा-पंधरा मिनिटे. म्हणून भेंडी शेवटी येते, आंबटाबरोबर. त्यानंतर डाव फिरवायचा नाही, पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवायचे. डाव फिरला की शेंगा फुटल्या.

१८/
आंबट येथे केवळ चवीसाठी नसते. आम्लामुळे भेंडीच्या द्रावाचा दाटपणा घटतो, हे प्रयोगशाळेत मोजता येते आणि चुलीपाशी उभे राहून पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले आहे. कोणते आंबट, यावरून मात्र प्रदेश ओळखता येतो. हैदराबादेत चिंच. दिल्ली-पंजाबकडे टोमॅटो, कुठे दही, कुठे आमचूर. यातला टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला आणि भारतीय घरगुती स्वयंपाकात त्याचा सर्रास वापर हा अगदी अलीकडचा. मिरचीही अमेरिकेचीच, पोर्तुगीजांच्या काळात आलेली. म्हणजे आज 'पारंपरिक' म्हणून वाढला जाणारा लाल रस्सा त्या रूपात अकबराने पाहिलेला असणे शक्यच नाही.

१९/
दख्खनची चव येथे वेगळी उठून दिसते. हैदराबादी घरांत भेंडी-गोश्ताच्या रांगेत अंबाडा-गोश्त आहे, म्हणजे मटणात अंबाडीची आंबट पाने. चिगुर-गोश्त आहे, म्हणजे चिंचेचा कोवळा पाला. दालचा आहे, म्हणजे हरभऱ्याची डाळ, दुधी, मटण आणि चिंच. अंबाडी आणि चिंच या तर मराठवाड्याच्या चुलीवरच्या रोजच्या सखी. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे सारे १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. राज्य गेले, सीमा बदलल्या, दालचा राहिला. एकाच अंबाडीची एका घरात कण्या घालून भाजी होते आणि शेजारच्या घरात तीच मटणात पडते.

२०/
आता किनाऱ्यावर. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या स्वयंपाकात सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, भाजीत घालण्याची रीत प्रसिद्ध आहे. वांगी-सोडे सर्वांना माहीत, भेंडीतही सोडे पडतात. गोव्यात सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या कढीत भेंडे घालतात, आंबटाला सोलं किंवा चिंच. आता तुलना करून पाहावी. थोडा सामिष पदार्थ, त्याची चव पिणारी भेंडी, बुळबुळ मोडणारे आंबट आणि भातावर घ्यायला रस. भेंडी-गोश्ताचे व्याकरण अक्षरशः हेच. नामाच्या जागी फक्त दुसरे नाम बसले आहे.

२१/
काटकसरीचे कारणही तेच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांच्या मासेमारीला बंदी असते. ही बंदी अलीकडची, पण खवळलेल्या समुद्रात होड्या न घालण्याची रीत जुनी. म्हणून उन्हाळ्यातच सुक्या मासळीची बेगमी करायची आणि पावसाळ्यात मूठमूठ काढून भाजीत घालायची. आणि भेंडी ही पावसाळ्यातली हुकमी भाजी. जिथे समुद्र बंद होतो तिथे मूठभर सोड्यांनी घर जेवते, जिथे मटण महाग असते तिथे अर्ध्या किलोने. मुंबईतल्या पारशी घरांनी तर परतलेल्या भेंडीवर अंडी फोडून 'भींडा पर ईडु' केले. धर्म तीन, कल्पना एकच.

२२/
एक छोटे विषयांतर. मुंबईतल्या भेंडी बाजाराचे नाव ऐकून तिथे पूर्वी भेंडीची मंडई असावी असा अनेकांचा समज होतो. एका मतानुसार हे नाव भेंडीच्या झाडांवरून पडले, म्हणजे परसपिंपळावरून. हा वृक्ष आहे, भाजी नव्हे, पण कूळ मात्र तेच, कापसाचे. दुसऱ्या मतानुसार 'बाजारामागचा' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश. ज्या वस्तीत भेंडी-गोश्त घरोघर शिजते, तिच्या नावातली भेंडी बहुधा खाण्याची नाहीच, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. शब्द सारखे म्हणून वस्तू एक, हे अनुमान इतिहासात वारंवार फसते.

२३/
पातेल्यातली भेंडीही प्राचीन नाही. पिवळ्या शिरांच्या केवडा रोगाने भेंडीचे मळे उद्ध्वस्त होत, म्हणून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने 'पुसा सावनी' हे वाण दिले. ते पुढे रोगाला बळी पडू लागले, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याचाच एका दूरच्या जातीशी संकर करून 'परभणी क्रांती' काढले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे नाव सांगावे लागत नाही. 'अस्सल', 'मूळ', 'शुद्ध' असे शब्द वापरणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे : भाजी संकरित, मिरची परदेशी, टोमॅटो नवखा, नाव द्विभाषी. आणि तरीही पदार्थ पूर्णपणे इथला.

२४/
आता आक्षेपाचा विचार. कोणी म्हणेल, हिरवा ठिपका आणि तपकिरी त्रिकोण उपयोगाचे आहेत. जो मांस खात नाही त्याला आपल्या ताटात काय आले हे कळण्याचा पूर्ण अधिकार आहे. हे मान्यच करायला हवे. ठिपका ग्राहकासाठी आहे आणि तिथे तो रास्तच आहे. बिघडते ते ठिपका इतिहासाला लावल्यावर. मग भाजी एका समाजाची होते, मांस दुसऱ्या समाजाचे, आणि दोन्ही एकत्र शिजवणारी घरे कोणत्याच कथेत बसत नाहीत. मराठीत 'कालवण' हा सुंदर शब्द आहे. भाकरी किंवा भात ज्यात कालवायचा ते कालवण. त्यात काय आहे हे तो शब्द विचारत नाही.

२५/
या पदार्थाचा इतिहास हरवण्याचा धोका खरा आहे. हॉटेलांनी तो मेनूवर क्वचितच घेतला, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात रस्सा वेगळा, मांस वेगळे आणि जोडणी आयत्या वेळी होते. भेंडी-गोश्ताला एकाच पातेल्यात शेवटची पंधरा मिनिटे हवी असतात आणि ठेवणीत भेंडी विरघळते. घरांतही कुटुंबे लहान झाली. झटपट शिजणारी ब्रॉयलर कोंबडी आली, मटण पुरवून खाण्याची गरज अनेकांना उरली नाही. जी रीत गरजेतून जन्मली ती गरज संपल्यावर मुकाट्याने मावळते. तिचे स्मारक कोणी बांधत नाही, कारण ती कोणा राजाच्या नावावर नव्हती.

२६/
म्हणून पुराव्याची जागा बदलली पाहिजे. किल्ल्याचा बुरूज मोजणाऱ्या, मोडी शिकणाऱ्या तरुण अभ्यासकांनी घरातल्या वृद्ध बायकांनाही साधन मानावे. आज्जी, नानी, फुफी, मावशी यांना 'कृती सांगा' एवढेच विचारून भागत नाही. विचारायचे ते असे : मटण किती आणि खाणारे किती? कोणत्या महिन्यात कोणती भाजी? टोमॅटो घरात केव्हापासून? त्याआधी आंबट कशाचे? बोटी आधी कोणाला वाढत? सासरी आल्यावर काय बदलले? उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख आणि गाव घालून लिहावे. अशा शंभर नोंदी झाल्या की एक दप्तर तयार होते.

२७/
त्या दप्तरात बढाई कमी सापडेल आणि माहिती जास्त. दुष्काळी वर्षात मटणाच्या रस्स्यात काय पडले, फाळणीनंतर कराचीला गेलेल्या घराने कोणती भाजी सोडली, मुंबईच्या चाळीत शेजारणीकडून कोणते आंबट शिकले, हे दरबारी ग्रंथ सांगणार नाहीत. 'हा पदार्थ कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा भांडणात संपते. 'हा असाच का शिजवतात?' या प्रश्नातून शेती, बाजार, ऋतू, दारिद्र्य आणि शेजार यांचा इतिहास उलगडत जातो. अभ्यासाला दुसरा प्रश्न अधिक फलदायी आहे.

२८/
थोडक्यात : भेंडी दोन रानजातींच्या संकरातून झाली. मांस-भाजीची संगत बगदादलाही होती आणि कल्याणीलाही. भेंडी-गोश्ताचे तर्कशास्त्र काटकसरीचे आहे, शाही नाही. बुळबुळ मोडण्याचे शास्त्र चिंच, सोलं आणि टोमॅटो यांत आहे. आणि त्याच व्याकरणाचे मराठी वाक्य म्हणजे भेंडी-सोडे. पुढच्या पावसाळ्यात ज्या घरी हे कालवण चुलीवर असेल, तिथे कोणीतरी वही घेऊन बसावे. पातेले डावाने ढवळायचे नाही, दोन्ही हातांनी धरून हलवायचे, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिचे नाव त्या वहीत पहिल्या ओळीवर असावे. #इतिहास #दख्खन #कालवण